प्रश्न एक, पोथी भलतीच
औषधाविषयी शंका आली की हाताशी असेल तो ग्रंथ उघडायचा, ही रीत उलटी आहे; ग्रंथ प्रश्नानेच निवडायचा असतो. इंडियन फार्माकोपिया औषधाच्या शुद्धतेचे निकष सांगतो. स्तनदा मातेला ते चालेल का, हे लॅक्टमेड या स्तनपानकाळातल्या औषधांच्या माहितीकोशाला विचारावं. कंपनीच्या गुळगुळीत पत्रकात मात्र सगळी उत्तरं मिळतात आणि औषध कधीच नापास होत नाही. ग्रंथ शिळे, नियतकालिकं ताजी, हा आक्षेप अर्धा खरा. पण १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये इस्पितळातल्या रुग्णांविषयी आलेलं पाच वाक्यांचं पत्र पुढे शेकडो लेखांनी ‘ओपिऑइडचं व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून मिरवलं. छापलं म्हणजे सिद्ध झालं नव्हे, हे कळायला अमेरिकेत व्यसनाची साथ यावी लागली. आपल्याला पत्रकातली बारीक अक्षरं पुरावीत.