चौघांतला एकटा

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी बाहेर पडतात ते ड्युटीवाले आणि वऱ्हाडी. बाकीचं घर कूलरसमोर फरशीवर पसरलेलं असतं. पत्त्यांचा कंटाळा आला की सुटीवर आलेलं कोणीतरी ‘पँडेमिक’ या बोर्ड गेमचा खोका काढतं आणि सल्लागारभाऊंचा हंगाम सुरू होतो. या खेळात कोणी कोणाचा वैरी नसतो. चार रोगांपासून जग वाचवायचं, जिंकले तर सगळे, बुडाले तर सगळे. भाऊ यातला ‘सगळे’ हा भाग एकहाती उचलतात. ‘अबे, तिकडे काहून चालला? कोलकात्याले जा. पत्ता टाकू नोको. थांब, मीच हलवतो.’ तुमचं प्यादं त्यांच्या चिमटीत असतं, आणि तुम्ही माठातलं पाणी आणायला मोकळे.

माणसं वाढली की खेळ सोपा होतो, हा भाऊंचा सिद्धांत. खेळाचे नियम मात्र त्यांच्या बाजूने साक्ष देत नाहीत. मॅट लीकॉकच्या २००८ सालच्या या खेळात दोघं बसले तर सुरुवातीला प्रत्येकी ४ पत्ते, तिघं बसले तर ३, चौघांना २च. पुंजी आठ-नऊ पत्त्यांचीच, वाटेकरी तेवढे वाढले. औषध शोधायला मात्र सहसा एका रंगाचे ५ पत्ते एकाच हातात यावे लागतात, आणि पत्ता द्यायचा तर एरवी दोघांनाही त्या पत्त्यावरच्या शहरात पोचावं लागतं. दर पाळीला गड्डीतून दोन पत्ते जातात. त्यामुळे माणसं कितीही असोत, एकूण पाळ्या जवळपास तेवढ्याच. दोघांच्या खेळात मिळाल्या असत्या त्याच्या निम्म्या चौघांतल्या प्रत्येकाला मिळतात. तुमची पाळी फिरून येईपर्यंत रोग चारदा पसरलेला असतो. प्रत्येकाला वेगळी भूमिका आणि वेगळी करामत मिळते, म्हणजे चौथा गडी निव्वळ भुर्दंड नव्हे. पण त्या करामतींचा मेळ जमवणं, हीच तर खरी अडचण.

यावर भाऊ तेंदूपत्त्याचा दाखला देतील. गडचिरोलीत हंगामात घरातले हात जितके जास्त, तितकी पुडकी जास्त. ७० पानं मोजली, बांधली, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेली. दाखला खरा आहे, लागू नाही. तिथे एकाची पुडकी दुसऱ्याच्या पुडक्यांत सरळ मिळवता येतात. तीन लाल पत्ते माझ्याकडे आणि दोन तुमच्याकडे असले तर मात्र आपण मुंबई आणि दिल्लीत बसून त्यांची बेरीज करू शकत नाही.

भाऊंचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: ‘पण आपण जिंकलो ना?’ जिंकले, यात वाद नाही. मेळ जमवण्याची अडचणच त्यांनी काढून टाकली, कारण चार डोक्यांच्या जागी एक ठेवलं. खोक्यावर ‘२ ते ४ खेळाडू’ छापलेलं असतं; भाऊ बसले की तो आकडा एक होतो, उरलेले प्रेक्षक. जाणत्याशिवाय निर्णय होईल कसा, असं ते विचारतील, तर धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) फार लांब नाही. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं हे गाव बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने चालतं. एकाचा विरोध असला तरी विषय पुढे ढकलतात. जाणत्यांसाठी वेगळा अभ्यासगट आहे: तिथे खुशाल बोला, समजवा, पण निर्णय ग्रामसभेचाच. वेळ लागतो, अर्थात. भाऊंना तिथे बोलण्याची पूर्ण मुभा मिळेल आणि दुसऱ्याचं प्यादं हलवण्याची अजिबात नाही. अर्ध्या तासात त्यांचं डोकं दुखेल.

काही खेळांनी तर त्यांच्यासाठी खास सापळा लावला आहे. २०१० सालच्या ‘हनाबी’त आपले पत्ते आपल्यालाच दिसत नाहीत, इतरांना दिसतात, आणि इशारे मोजून द्यायचे. चार सुन्या तोंडांसमोर भाऊंना गप्प बसावं लागतं. मग त्यांना खोकला येतो, भुवया चढतात, चष्मा नको तितका पुसला जातो. खोकल्याबद्दल नियमपुस्तिकेत वेगळं कलम नाही, हे त्यांनी आधीच वाचलेलं असतं. इतका त्रास होतो तर दोन खेळाडूंचे पत्ते मांडून एकट्याने पँडेमिक खेळावं. कोणी अडवलेलं नाही. पण मग ‘अबे, तसं नोको करू’ हे म्हणायचं कोणाला?