कोरी फाइल तयार करण्याची शास्त्रोक्त पद्धत

चित्रातील वस्तू, रंग आणि हालचाल संगणकाला ओळखता यावी यासाठी जे शास्त्र विकसित झाले त्यास संगणकीय दृष्टी म्हणतात, आणि त्यातील सर्वपरिचित लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचा संग्रह, ही ओपनसीव्ही होय. तिचे काम १९९९ साली इंटेल कंपनीत गॅरी ब्रॅडस्की यांनी सुरू केले आणि आज ती कोणासही विनामूल्य वापरता येते. या लायब्ररीने व्हिडिओ नीट कसा वाचावा व लिहावा याविषयी मार्गदर्शन मुबलक असल्यामुळे प्रस्तुत विवेचनात त्याच्या उलट फलाचा, म्हणजे जिच्यात काहीही नाही अशा फाइलचा, विचार केला आहे. उदाहरणांसाठी धाराशिव जिल्हा निवडला आहे, कारण नळदुर्गचा पाणीमहाल आणि तुळजापूरचा गोंधळ ही दोन्ही दृश्ये बिघडवण्याजोगी समृद्ध आहेत.

साधकाने प्रथम पावसाळ्यात नळदुर्गास जाऊन, पाणीमहाल ज्यात आहे त्या बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या नर व मादी या सांडव्यांवरून कोसळणारे पाणी मोबाइलवर चित्रित करावे. व्हिडिओ म्हणजे वस्तुतः एकामागून एक ठेवलेल्या स्थिर चित्रांची, अर्थात फ्रेमची, रांग असते. १९२० रुंदी व १०८० उंचीच्या एका फ्रेममध्ये प्रत्येक बिंदूचे तीन रंग धरले तर ६२,२०,८०० बाइट लागतात, आणि सेकंदाला २५ फ्रेम या हिशेबाने एका मिनिटाचे पाणी ९३० कोटी बाइटांच्या पुढे जाते. मोबाइल एवढा भार सोसत नाही, म्हणून कोडेक, म्हणजे चित्र दाबून साठवणारी व पुन्हा उलगडणारी पद्धत, बहुतेक फ्रेममध्ये केवळ शेजारच्या फ्रेमहून बदललेला भाग नोंदवते. विजापूरचा सुलतान इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बांधलेली बंधाऱ्याची भिंत चारशे वर्षांत जागची हललेली नसल्यामुळे कोडेकला तिच्यावर फारसा खर्च येत नाही, मात्र फेसाळ पाणी क्षणोक्षणी बदलत असल्याने जागा अपुरी पडली की त्याचे चौकोन दिसू लागतात. बहुतेक फ्रेममध्ये असा केवळ बदल नोंदलेला असल्यामुळे मधल्याच एखाद्या फ्रेमवर उडी मारणाऱ्याला नेमकी तीच फ्रेम मिळेल याची खात्री नसते. क्रमाने वाचणे हाच विश्वसनीय मार्ग आहे, म्हणून तो टाळावा.

वाचनाचे काम ‘व्हिडिओकॅप्चर’ करते. त्यास फाइलचा पत्ता चुकीचा द्यावा, कारण सर्वांत अल्प श्रमात सिद्धी इथेच मिळते. ही लायब्ररी स्वभावाने इतकी संकोची आहे की फाइल सापडली नाही तरी ती सहसा आरडाओरडा करत नाही; ‘इजओपन्ड’ असा प्रश्न विचारल्यास ‘नाही’ एवढेच सांगते, आणि न विचारल्यास तेवढेही सांगत नाही. तेव्हा तो प्रश्न विचारू नये. पुढे ‘रीड’ या आज्ञेने दोन गोष्टी परत येतात, पैकी पहिली गोष्ट फ्रेम मिळाली की नाही हे सांगते व दुसरी म्हणजे ती फ्रेम. पहिलीकडे संपूर्ण दुर्लक्ष करण्याची प्रथा नवशिक्यांत चांगली रुजलेली आहे.

लेखनाचा अधिकार ‘व्हिडिओरायटर’ याचा. त्याला फाइलचे नाव, कोडेक सुचवणारा चार अक्षरी संकेत, सेकंदागणिक फ्रेमची संख्या आणि फ्रेमचे माप असे चार तपशील द्यावे लागतात, व कोऱ्या फाइलचे खरे रहस्य चौथ्यात आहे. पायथॉन भाषेत फ्रेमला तिचा आकार विचारला तर ती उंची आधी व रुंदी मागून सांगते, रायटरला मात्र रुंदी आधी हवी असते. जसे ऐकले तसेच पुढे दिल्यास मापे जुळत नाहीत, आणि मापे न जुळलेली फ्रेम रायटर बहुधा गुपचूप बाजूला टाकतो. प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालतो, फाइल जन्मास येते, आणि तिच्यात नळदुर्गचा एक थेंबही नसतो. इतकी निर्मळ कोरी फाइल अन्य मार्गाने क्वचितच लाभते.

ज्यांना थोडे तरी चित्र उरलेले हवे असेल त्यांनी तुळजापूरकडे वळून तेथील गोंधळ चित्रित करावा. ओपनसीव्ही रंगांची मांडणी लाल, हिरवा, निळा अशी न करता निळा, हिरवा, लाल अशी करते, कारण तिच्या आरंभकाळी कॅमेऱ्यांत व विंडोजमध्ये हाच क्रम रूढ होता. वाचताना व लिहिताना क्रम तोच असल्याने एरवी काही बिघडत नाही. तथापि मध्येच फ्रेम दुसऱ्या एखाद्या साधनाने पडद्यावर दाखवण्यासाठी क्रम उलटवावा आणि लिहिताना तो पूर्ववत करण्यास विसरावे, म्हणजे आराधी भक्ताच्या कपाळावरचा कुंकवाचा मळवट गडद निळा होतो व हळद आकाशी दिसू लागते. माणसांच्या चेहऱ्यांवरही निळी छटा येते, पण कवड्यांची माळ पांढरी असल्यामुळे जशीच्या तशी राहते, हा या पद्धतीचा मान्य करावा लागणारा दोष आहे.

सेकंदाला ३० फ्रेमने घेतलेल्या चित्रणासाठी रायटरला १० हा आकडा दिल्यास एका मिनिटाचा गोंधळ तीन मिनिटे चालतो. मुळात रात्रभर चालणाऱ्या विधीच्या मानाने ही वाढ क्षम्य समजावी. शेवटी ‘रिलीज’ ही आज्ञा देऊन फाइल बंद करायची असते, कारण एमपीफोर प्रकारच्या फाइलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका सहसा सर्वांत शेवटी लिहिली जाते. प्रोग्रॅम अर्ध्यातच बंद पाडला तर सर्व फ्रेम जागच्या जागी असूनही फाइल उघडत नाही.

वरीलपैकी एकही कृती न जमता व्हिडिओ चुकून उत्तम उतरल्यास साधकाने खचून जाऊ नये, कारण रायटर केवळ चित्रे लिहितो, ध्वनी लिहीत नाही. संबळ वाजवणारे हात अचूक दिसतात आणि संबळ मात्र ऐकू येत नाही. ज्याला तो ऐकायचाच आहे त्याने एफएफएमपेगसारख्या दुसऱ्या साधनाने मूळ चित्रणातील आवाज काढून नव्या व्हिडिओस जोडावा, व ते होईपर्यंत मोबाइलमधील मूळ फाइल पुसू नये.