दोन लोट्यांचे येणे

आमच्या नागावच्या घरात दोन जुनी रिव्हॉल्व्हरे आहेत, हे ऐकून समोरच्या माणसाच्या मुद्रेवर जो आदर उमटतो तो ती प्रत्यक्ष पाहिल्यावर ओसरतो, असा अनुभव वारंवार आल्यामुळे हल्ली मी ती केवळ सांगतो, दाखवीत नाही. मुळात ती येथे टिकली हेच नवल. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 साली अलिबागेस आली आणि येथे तिची वास्तू बांधताना लोखंड कटाक्षाने वर्ज्य करण्यात आले. शास्त्रज्ञांच्या मनात चुंबकाच्या सुईचा विचार असला तरी या किनाऱ्यावर लोखंड बाळगू नये, हा त्यांचा निर्णय संसारी माणसांनीही अनुसरावा इतका शहाणपणाचा होता. येथला खारा वारा खिडकीचे गज, विळी, सायकल आणि शस्त्र यांत भेद करीत नाही. आमची आयुधे शिल्लक राहिली ती आत्याबाईंच्या खोबरेल तेलामुळे, आणि म्हणूनच त्यांना दारूगोळ्याचा वास न येता नुकत्याच न्हाऊन आलेल्या मुलीच्या वेणीचा वास येतो.

त्यांतले थोरले पणजोबांनी मुंबईहून आणलेले, धाकटे आजोबांचे. आजोबा खोत होते. 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने चरीच्या कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचे ठरविले, तेव्हा पंचक्रोशीतील समस्त खोतमंडळींबरोबर आजोबांचीही झोप उडाली, आणि त्यांनी अर्ज गुदरून, जामीन देऊन, परवाना मिळवून बर्मिंगहॅमची एक वेब्ली पैदा केली. परंतु कुळे चालून आलीच नाहीत. त्यांनी नांगर उभे करून ठेवले आणि जमीन 1939 पर्यंत तशीच पडीक राहू दिली. चालून येणाऱ्यावर रोखण्यासाठी घेतलेले शस्त्र न येणाऱ्यावर कसे रोखावे, याचा खुलासा परवान्याच्या शर्तींत नव्हता. पुढे 1949 च्या कायद्याने खोती खालसा झाली. वेब्ली तेवढी राहिली. तेव्हापासून तिचे सार्वजनिक जीवन म्हणजे प्रत्येक निवडणुकीस धोतराच्या फडक्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा होणे आणि निकालानंतर पावती दाखवून परत येणे. लोकशाहीसाठी इतक्या खेपा आमच्या घरात दुसऱ्या कोणी घातलेल्या नाहीत.

वडिलांमागे वारस म्हणून परवाना माझ्या नावे झाला, आणि गेल्या वर्षी, छप्पर गळू लागल्यावर, दोन्ही वस्तू विकून टाकाव्यात असा विचार माझ्या मनात आला. मांडव्याच्या बोटीने एक जाणकार गृहस्थ आले. त्यांनी आमरस-पुरीस न्याय दिला, मग खिशातून भिंग काढून थोरल्याकडे वळले. नळकांड्याच्या प्रत्येक घराच्या कडेला एक बारीक खाच होती. तिच्यातून काडतुसाची टाचणीएवढी खिट्टी वर डोकावत असे आणि घोडा त्या खिट्टीवर पडत असे, असे त्यांनी समजावून दिले. खाली अंडाकृती चौकटीत ई, एल, जी ही अक्षरे व एक तारा. "ल्येजचा छाप. वर मुकुट नाही, म्हणजे 1893 च्या आधीचे," ते म्हणाले. आत्याबाईंनी लगेच पदर सावरला. ज्याला आपण नव्वद वर्षे तेल चोपडले तो बेल्जियमचा निघाला, हे त्यांना नवीनच होते.

मग गृहस्थांनी तो प्रश्न विचारला. "याने कोणाला मारले?"

"कोणालाच नाही," मी अभिमानाने म्हणालो, आणि त्यांचे भिंग मिटले.

या धंद्यात निष्पापपणाला बाजारभाव नसतो. याच जातीच्या, सात मिलिमीटरच्या एका रिव्हॉल्व्हरने 1873 साली ब्रसेल्समध्ये व्हर्लेन नामक कवीने रँबो नामक कवीवर गोळी झाडली. ती मनगटाला लागली, आणि त्या एका मनगटाबद्दल 2016 साली पॅरिसच्या लिलावात 434500 युरो मोजले गेले. व्हॅन गॉगने स्वतःवर झाडले असे मानतात ते शेतात सापडलेले गंजके लोखंड 2019 साली 162500 युरोंना गेले. गंजाच्या बाबतीत आमचे त्याहून कितीतरी उजवे! मराठी कवींनी आपली वैरे प्रस्तावनांत आणि परीक्षणांत भागविल्यामुळे मराठी शस्त्रांचे केवढे नुकसान झाले आहे, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

कायद्याची बाजू तर याहून मौजेची. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमाप्रमाणे जुन्या घाटाचे वा पुराणवस्तू म्हणून मोलाचे शस्त्र परवान्यातून सुटते, पण ते दुरुस्त करूनही उडता कामा नये. म्हणजे कचेरीत ते साफ निकामी आहे असे शपथेवर सांगावयाचे, आणि गिऱ्हाइकापुढे त्याच्यासारखे दुसरे नाही असे! थोरल्यास शंभर वर्षे उलटलेली म्हणून 1972 च्या पुरावशेष कायद्याने ते परदेशी पाठविता येत नाही, तेव्हा पॅरिसचा रस्ता बंद. वेब्लीचे निराळेच. ती अद्याप उडते. म्हणून परवानाधारकासच विकावयाची, त्याचे नाव-पत्ता लेखी कळवावयाचा, आणि 45 दिवस थांबावयाचे. एवढ्या मुदतीत आमच्या घरातल्या कोणत्याही निश्चयाचा निश्चय टिकलेला नाही.

"वेब्ली एकदा उडली होती की," आत्याबाई मध्येच म्हणाल्या. संपाच्या दिवसांत एका रात्री सुपारीच्या बागेत सळसळ झाली म्हणून आजोबांनी ओटीवरून गोळी झाडली. कोल्हा पळाला. गोळी कुंपणापलीकडे, शेजाऱ्यांच्या विहिरीवर गेली.

ही वार्ता कुंपणाला फार दिवसांपूर्वीच ठाऊक असावी, कारण संध्याकाळी शेजारचे नाना काखेत लाल बासनात बांधलेली चोपडी घेऊन आले. "दादा, पिस्तूल विकताय असं कानावर आलं," ते ओटीवर टेकत म्हणाले, "तर आमचं मागचं येणं तेवढं वळतं करून घ्या." त्यांनी पान उघडले. वाळवीने खाल्लेल्या कडेच्या आत, मोडीत, त्यांच्या आजोबांच्या हातची नोंद होती: रहाटाचे लोटे दोन, खोतांच्या गोळीने फुटले, सहा आणे, येणे बाकी. मिती, वार, साक्षीदार म्हणून गड्याची निशाणी, सर्व काही जागच्या जागी.

जाणकार गृहस्थांचे भिंग पुन्हा उघडले. त्यांनी ते पान दोनदा वाचवून घेतले, वेब्लीकडे नव्याने पाहिले, आणि मग तिला बाजूला सारून नानांना विचारले, "ही वही देता का? या पिस्तुलापेक्षा मी हिचे जास्त देईन."

नानांनी बासनाची गाठ मारली. येणे फिटल्याखेरीज वही हातावेगळी करायची नाही, असे आजोबा सांगून गेले होते. मी सहा आणे काढण्यासाठी खिशात हात घातला, तेव्हा ते उठले. "राहू दे, दादा," ते म्हणाले, "व्याज धरायचं राहिलंय."