उघडून बघणारे नाना

द्राक्षाच्या गावात फवारणीचा एचटीपी पंप बंद पडायला मुहूर्त लागतो. खरड छाटणीनंतर, कुणालाच घाई नसते तेव्हा, तो बिनतक्रार चालतो. ऑक्टोबर छाटणीची बाग फुलोऱ्यात यावी, रात्री पाऊस होऊन जावा, डाऊनीच्या धास्तीनं अख्खा निफाड तालुका पहाटेच टाक्या भरायला उठावा, आणि नेमका तेव्हाच प्रेशरचा काटा ३० वरून १२ वर यावा. अशा वेळी आमच्या नानांच्या चेहऱ्यावर जे तेज चढतं, ते थोरलीच्या लग्नातही दिसलं नव्हतं, असं काकू म्हणतात. नाना बाह्या सरसावतात, १९ चा पान्हा मागवतात आणि म्हणतात, "उघडून बघावं लागंल."

असे नाना गावोगाव असतात. ते मिस्त्री नसतात. मिस्त्रीचं घर त्यांच्यावर चालतं. पंप बिघडला की शहाणा माणूस बाहेरून आत जातो: आधी जाळी, मग सक्शनची नळी, क्लिपा, पट्टा, नोझल, आणि काहीच सापडलं नाही तर पंपाला हात. नाना थेट गाभाऱ्यात शिरतात. बाहेरच्या फुटकळ वस्तूंकडे बघणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

मी एकदा धीर करून म्हटलं, "नाना, नोझल झिजलं असेल."

"नोझल? ते केवढंसं! त्याच्यापायी एवढी मशीन बसती होय?"

आता खरं तर पंप फक्त पाणी ढकलतो. क्रँकवर तीन प्लंजर आळीपाळीनं पुढंमागं होतात. प्रत्येकाला पाणी आत घेणारा एक आणि बाहेर सोडणारा एक असे दोन व्हॉल्व्ह. प्रेशर तयार होतं ते पुढं नोझलच्या बारीक भोकाशी पाणी अडतं म्हणून. भोक मोठं झालं की पंप ठणठणीत असूनही काटा उतरतो. पण नानांच्या हिशेबात बिघाड मशीनच्या किमतीला शोभेल असाच पाहिजे.

नानांचा खरा वैरी म्हणजे थेंब. या पंपात पॅकिंग जागच्या जागी बसून असतं आणि प्लंजर त्यातून सरकत राहतो. अधूनमधून एखादा थेंब गळतो. मिस्त्री सांगून थकला, "नाना, थेंबाकडं बघू नका. दर दोन तासांनी ग्रीस कपाला दोन आटे द्या, बास." ग्रीस कप फिरवण्यात कसलं आलंय शौर्य? नाना पॅकिंगचा नट आवळतात. थेंब थांबला नाही की आणखी आवळतात. २२ मिलिमीटरचा प्लंजर ३० किलो प्रेशरला चालतो तेव्हा त्याच्या तोंडावर जवळजवळ ११४ किलोचा रेटा असतो. त्यात बाजूनं नानांचा गळफास. पॅकिंग तापतं, कोरडं पडतं, प्लंजरवर चरे उठतात. थेंब मात्र थांबतो, आणि नाना सगळ्यांना बोलावून तो थांबलेला थेंब दाखवतात. मग नवं पॅकिंग घातलं की ते चरे त्याला आठवड्यात कातरून काढतात. नानांचं निदान तयार असतं: "हल्लीच्या मालात जानच राहिली नाही."

बोर्डो मिश्रणाच्या वेळी तर नानांना ऊत येतो. मोरचूद आणि चुना यांचं हे औषध मूळ फ्रान्सचं. रस्त्याकडेची द्राक्षं येणाऱ्याजाणाऱ्यांनी तोडू नयेत म्हणून तिकडं असलं मिश्रण वेलींवर शिंपडत. त्याच वेली केवड्यातून, म्हणजे डाऊनीतून, वाचल्या हे मियार्दे नावाच्या शास्त्रज्ञानं हेरलं आणि १८८५ साली जगाला सांगितलं. त्यानं नानांचा पंप पाहिला असता, तर 'चुना गाळून घ्या' हे शब्द ठळक अक्षरांत छापायला लावले असते. नाना चुना गाळत नाहीत. खडा व्हॉल्व्हखाली अडकतो, तिघांपैकी एक प्लंजर नुसताच येरझारा घालतो, काटा थयथया नाचू लागतो, आणि नाना क्रँकचं बेरिंग गेल्याचं जाहीर करतात. फवारणी संपल्यावर पंपातून दहा मिनिटं साधं पाणी फिरवा म्हटलं, तर डिझेल काय फुकट येतं का, असं विचारतात.

गेल्या हंगामात असाच काटा बसला. पंप खडखडू लागला. काकू टाकीपाशी उभ्या होत्या.

"अहो, बायपासच्या नळीतून फेस येऊ ऱ्हायला."

"स्टिकरचा फेस आहे तो. तू नको सांगू."

औषध पानाला चिकटावं म्हणून स्टिकर टाकल्यावर फेस येतो हे खरंच आहे, त्यामुळं काकू गप्प बसल्या. पण परतीच्या पाण्यात बुडबुडे आणि पंपात खडखड, दोन्ही एकदम, म्हणजे पंप पाण्याबरोबर हवा पीत असतो. तोवर नानांनी बांधावर पोतं अंथरून सगळे व्हॉल्व्ह काढले होते. सहा सीट, सहा स्प्रिंगा. त्यातली एक उडून तिसऱ्या ओळीत गेली आणि दोन गडी फवारणीऐवजी तिला शोधायला लागले. वर ढग भरून येत होते.

शेवटी काकूंनीच मिस्त्रीला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न, "जाळी बघितली का?" नानांनी तो ऐकला आणि तोंड फिरवलं.

मिस्त्री आला. पोत्यावरचा पसारा बघून त्यानं कपाळाला हात लावला नाही, इतका तो सरावला होता. त्यानं पान्हा न घेता सक्शनची नळी टाकीतून वर ओढली. जाळीला द्राक्षाचं एक ओलं पान चिकटलेलं. पाणी मिळेना म्हणून पंप ढिल्या क्लिपेच्या फटीतून हवा ओढत होता. पान काढायला लागलं अर्धं मिनिट. नानांनी उघडलेलं धुऊन, पुसून, जोडायला दोन तास. मिस्त्रीनं पैसे जोडणीचे घेतले, पानाचे घेतले नाहीत. पंप चालू झाला, काटा ३० वर जाऊन गुमान उभा राहिला.

नाना मात्र ते पान हातात घेऊन उलटसुलट बघत होते.

"जाळीत पान होतं, मान्य. पण एवढं पान खेचलं कोणी? सक्शननं ना? म्हंजी सक्शन जास्त झालंय. आजची फवारणी होऊ दे," नाना मिस्त्रीला म्हणाले, "उद्या उघडून बघू."