अळीच्या आवडीनुसार

बोरी अरबच्या शेतकऱ्याने मोबाइलवर एकदा 'गुलाबी बोंडअळी' शोधून पाहावं. पऱ्हाटी उपटून झाली तरी फवारणी पंप त्याचा पिच्छा सोडत नाहीत; पाठोपाठ पाच मिनिटांत कर्ज देणारं ॲप हजर. (त्याची नड बरोबर कळते, कापसाला भाव देणारा तेवढा सापडत नाही.) याला म्हणे 'तुमच्या आवडीनुसार' जाहिरात. आवड कुणाची, अळीची? तशी हीच टेहळणी कृषी केंद्रवाले उधारीच्या वहीत वर्षानुवर्षं करत आलेत. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा डिजिटल माहितीपुरता, म्हणून कागदी वही सुटली. तिथे संमतीची खूण करायची भानगडही नाही. चहा पाजला की गिऱ्हाईक पोरीच्या लग्नाची तारीखसुद्धा आपणहून सांगतं.