कुंकवाचा एक चौकोन

मारिओची मिशी आणि मारिओचे बूट एकाच रंगाचे आहेत. केस, डोळा आणि सदराही त्याच रंगाचा. १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला तो बुटका गडी नीट निरखला तर त्याच्या अंगावर तीनच रंग सापडतात. टोपी आणि डंगरी लाल, कातडी आणि डंगरीची बटणं पिवळट तांबूस, आणि उरलंसुरलं सगळं शेवाळी तपकिरी. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे नकली जपानी खेळ आपल्याकडे आले आणि आमच्या पिढीने मे महिन्याच्या सुट्ट्या त्यांच्यापुढे बसून घालवल्या. बुटांच्या रंगाची मिशी लावून फिरणाऱ्या माणसाबद्दल कुणालाही शंका आली नाही. आम्हाला तो माणूस वाटला, एवढंच नाही, ओळखीचा वाटला.

मिशीचं मूळ अडचणीत आहे. १९८१ साली शिगेरू मियामोतो यांनी ‘डाँकी काँग’साठी हा गडी घडवला तेव्हा तोंड काढायला जागाच नव्हती, म्हणून नाकाखाली मिशी आली. उडी मारताना केस कसे हलतील हे दाखवणं जिकिरीचं, म्हणून टोपी. हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून डंगरी. आपल्याकडच्या जुन्या लग्नांचे ग्रूप फोटो पाहिले की वाटतं, टोपी आणि मिशी हा तोडगा आपल्या पणजोबांना आधीच सापडला होता. फक्त त्यांनी तो सगळ्यांनी मिळून वापरल्यामुळे मागच्या रांगेतले सख्खे कोण आणि चुलत कोण, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

तीनच रंग का, याचं गणित सोपं आहे आणि मला ते फार आवडतं. मारिओ ज्यावर चालायचा त्या, १९८३ साली आलेल्या फॅमिकॉम यंत्रात चित्राचा तुकडा आठ बाय आठ चौकोनांचा असे. प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला दोन बिट. दोन बिटांत चार गोष्टी सांगता येतात, आणि त्यातली एक ‘इथे काहीच नाही, मागचं दिसू दे’ हे सांगण्यात खर्च होते. राहिले तीन. चौसष्ट चौकोन, प्रत्येकी दोन बिट, म्हणजे एका तुकड्याला १६ बाइट. छोटा मारिओ चार तुकड्यांचा, म्हणजे ६४ बाइटांचा. अख्खा खेळ, ढग, कासवं, किल्ले, संगीत धरून, ४० किलोबाइटांत बसवलेला. काटकसर इतकी की आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे. वर पांढरं रंगवलं की ढग, खाली हिरवं रंगवलं की झुडूप. रोज सकाळी नातेवाइकांकडून मोबाइलवर येणाऱ्या ‘शुभ सकाळ’च्या एका गुलाबात असे हजारभर मारिओ सहज मावतील. गुलाब मात्र दुपारपर्यंत कुणाला आठवत नाही.

आज ही टंचाई उरलेली नाही. साध्यातला साधा पडदा १,६७,७७,२१६ रंग दाखवतो. तरीही जगभर कितीतरी माणसं आपण होऊन चार, आठ किंवा सोळा रंगांत स्वतःला कोंडून घेतात आणि चौकोन भरत बसतात. ‘पिको-८’ नावाचं एक खेळ बनवायचं साधन आहे. ते आजच्या संगणकावर चालतं, पण पडदा १२८ बाय १२८ चौकोनांचा आणि रंग सोळा, ही शिस्त त्याच्या कर्त्याने मुद्दाम घालून दिली आहे. मी या मंडळींत उशिरा सामील झालो. चाळिशीनंतर माणसाने योगासनं करावीत की सोळा बाय सोळाच्या चौकटीत माणसं काढावीत, याबद्दल घरात दोन मतं आहेत. दुसरं मत माझं.

शिकाऊ माणसाला इथे सगळ्यात आधी रेघेचं शहाणपण यावं लागतं. तिरकी रेघ पायऱ्यांची असते, आणि त्या पायऱ्या दोन-दोन-दोन अशा सारख्या पडल्या तर रेघ गुळगुळीत दिसते. तीन-एक-दोन पडल्या की हात थरथरल्यासारखं वाटतं. मग सावल्या. गोल गालाला कडेकडेने गडद छटा द्यायचा मोह अनावर असतो. तसं केलं की प्रकाश नाकातून आल्यासारखा दिसतो आणि चेहरा फुगतो. जाणकार याला ‘पिलो शेडिंग’ म्हणतात, आणि म्हणताना नाक मुरडतात. सावलीचा रंग म्हणजे मूळ रंगात काळं कालवणं नव्हे. सावली थोडी निळ्याजांभळ्याकडे झुकवायची, उजेड पिवळ्याकडे, म्हणजे तीन छटांतही ऊन पडतं. दोन रंगांचे चौकोन एकाआड एक मांडून तिसऱ्या रंगाचा भास करायची युक्तीही आहे. जुन्या काचेच्या टीव्हीवर ते रंग एकमेकांत विरघळत. आताच्या सपाट पडद्यावर विरघळत नाहीत, आणि एवढ्याशा चेहऱ्यावर ही युक्ती केली तर माणसाला देवी येऊन गेल्यासारख्या दिसतात.

मी काढायला घेतली ती आमची आत्या. वाईला असते, ऐंशीच्या पुढे आहे, नऊवारी नेसते, आणि कुठल्याही गोष्टीवर मत द्यायला तिला निमंत्रण लागत नाही. तिने लॅपटॉपवरची चौकटींची जाळी पाहिली आणि म्हणाली, “हे तर दुसुतीवरचं भरतकाम. यात नवीन काय?”

नवीन खरंच काही नव्हतं. दुसुतीच्या कापडावर धागे मोजून फुल्या घालायच्या, पुस्तकातला पोपट चौकोन मोजत अभ्र्यावर उतरवायचा, हे तिने आयुष्यभर केलं. १९८४च्या मॅकिंटॉश संगणकासाठी सुझन केर यांनी ३२ बाय ३२ चौकोनांत, निव्वळ काळ्यापांढऱ्यात चिन्हं काढली, तीही आधी आलेखाच्या वहीत चौकोन भरून. आपल्या कामाचं नातं त्यांनीही मोझेकशी आणि मोजून घातलेल्या टाक्यांशीच सांगितलं. हे मी आत्याला सांगितलं. “मग तिलाही रंगाच्या लड्या पुरल्या नसणार,” ती म्हणाली. पोपटाची चोच लाल असते, पण एका चोचीसाठी लालची अख्खी लडी कोण आणतं? मग त्याच लालने गळ्याची पट्टी भरायची, फांदीला दोन फळं लावायची, आणि कडेच्या नक्षीत तो फिरवून संपवायचा. पॅलेट कशी राबवावी याचे मी बरेच धडे वाचले आहेत. इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

घोळ झाला तो कुंकवावरून.

फॅमिकॉमची शिस्त पाळायची म्हणजे तीन रंग. एक गडद, केसांना आणि बाह्यरेषेला. एक कातडीचा. तिसरा लुगड्याचा, आणि आत्याचं लुगडं कायम हिरवं. मग कुंकू? ते एका चौकोनाचं. पण त्या एका चौकोनासाठी अख्खा रंग जातो. हिरवंच लावलं तर कपाळावर पान चिकटल्यासारखं दिसतं. गडद लावलं तर बाईला गोळी लागल्यासारखं वाटतं. त्यात सोळा चौकोनांच्या चौकटीत चेहरा आठ चौकोन रुंद, आणि समसंख्येला मधला चौकोनच नसतो. कुंकू एक चौकोन डावीकडे तरी सरकतं नाहीतर उजवीकडे. मधोमध हवं तर दोन चौकोनांचं करावं लागतं, आणि ते आडवं दिसतं. आत्याने यावर फार विचार केला नाही. “आडवंच राहू दे. आमच्या सासूबाई आडवी चिरीच लावायच्या. आणि लुगडं लाल कर.”

“पण तू लाल नेसत नाहीस.”

“तुझ्याकडे लडी कुठली उरलीय?”

कातडीच्या रंगाचं दुखणं वेगळंच होतं. रंग तीनच, पण ते मी पिको-८मधून निवडत होतो, आणि त्याच्या सोळांत एक फिकट पीच आहे आणि एक विटकरी तपकिरी. मध्ये गव्हाळ नाही. पीच लावला की आत्या फ्लॉरेन्सची, तपकिरी लावला की दिवसभर शेतात राबून आलेली. सोळा रंग निवडणाऱ्याने आधी कुणाचे चेहरे मनात धरले होते, हे अशा वेळी कळतं. मी तक्रार म्हणून सांगत नाही. ठरीव पॅलेट घेतली की तिच्या कर्त्याचा देशही बरोबर येतो, इतकंच. मी माझा गव्हाळ बनवून घेतला आणि नियम थोडा वाकवला.

कुंकवाला वेगळा रंग मिळवायची एक अधिकृत युक्ती आहे. १९८७च्या ‘मेगा मॅन’मध्ये नायकाचं अंग एका रंगसंचात आहे आणि चेहरा हा त्याच्यावर ठेवलेला निराळा तुकडा, वेगळ्या रंगसंचातला. तसं कुंकवाचं वेगळं चित्र करून कपाळावर ठेवता येईल. पण त्या यंत्राचा दुसरा एक नियम आहे. एका आडव्या ओळीत आठांहून जास्त तुकडे काढले जात नाहीत, नववा दिसतच नाही. आत्या दोन तुकडे रुंद, कुंकू धरून तीन. आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चार बायका एका रांगेत बसवा. पहिल्या दोघींचे सहा झाले. तिसरीचे दोन धरून आठ भरले, आणि तिचं कुंकू नववं ठरलं, ते गेलं. चौथीचं डोकंच गेलं, नुसतं लुगडं बसलेलं राहिलं. हे टाळायला खेळ बनवणारे तुकड्यांचा क्रम सतत बदलत ठेवत. मग कुणीच कायमचं नाहीसं होत नाही, सगळे आळीपाळीने लुकलुकतात. जुन्या खेळांत गर्दी झाली की राक्षस लुकलुकायचे, ते यामुळे. हे सगळं मी आत्याला हौसेने समजावून सांगितलं. तिने बोटं मोडली आणि “सणासुदीला असलं अभद्र बोलू नये” म्हणाली.

चालायला लावल्यावर मात्र नऊवारीने मला हात दिला. सहावारीत नुसती किनार हलते. काष्ट्यात दोन पाय दोन दिसतात. छोटा मारिओ चालतो ते तीनच चित्रांत, आणि तेवढ्यात आत्याही तुरुतुरु चालू लागली. अडचण वळताना आली. जागा वाचावी म्हणून उजवीकडे तोंड केलेलं चित्रच आरशासारखं उलटून डावीकडे वापरतात, आणि असं उलटवलं की डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो. थोरामोठ्यांच्या बाबतीतही हे घडलंय. ‘स्ट्रीट फायटर २’मधला सगॅट दिशा बदलतो तेव्हा त्याची डोळ्यावरची पट्टी दुसऱ्या डोळ्यावर उडी मारते, आणि त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. आत्याने घेतलं. “मग मला डावीकडे वळवूच नकोस.” तिचं एका परीने बरोबर होतं. त्या पहिल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये पुढे सरकलेला पडदा मागे येतच नाही.

लाल लुगड्यातली, आडव्या कुंकवाची, निम्म्या उंचीचं डोकं असलेली ती बाई मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर टाकली. खाली नाव लिहिलं नाही. पहिलं उत्तर पुतणीचं आलं, “आत्याआजी!” मग एकामागून एक सगळ्यांनी तेच लिहिलं. लुगड्याचा रंग चुकलाय, हे एकानेही म्हटलं नाही. कुंकवाबद्दल तर चकार शब्द नाही. तिला कशावरून ओळखलं, हे विचारल्यावर सगळ्यांनी एकच सांगितलं. कमरेवरचा हात.

आत्या बोलताना एक हात कमरेवर ठेवते. चित्रात तो हात म्हणजे कोपरापाशी वळलेले चार चौकोन, आणि कोपर व कंबर यांच्यामध्ये दोन रिकामे. मी नंतर सगळं चित्र काळ्याने भरून पाहिलं. कुंकू गेलं, लुगडं गेलं, गव्हाळ गेला. आत्या शाबूत होती. तीन रंगांवरून आम्ही इतका वाद घातला आणि तिला ओळखवलं ते चौथ्याने, जो रंग नाहीच, जो यंत्राने फुकट दिलेला असतो. अंबाड्याच्या खाली मानेपाशी असा आणखी एक रिकामा चौकोन आहे. तो भरला की ती शेजारच्या काकू दिसते. तेव्हापासून मी कुणालाही काढताना रंगाच्या आधी भोकं शोधतो: मान आणि पदर यांच्यामधलं, छत्री आणि खांद्यामधलं, सायकलचा दांडा आणि गुडघा यांच्यामधलं. माझ्या मते या कलेत सगळ्यात महाग वस्तू ही आहे, आणि पॅलेटचे धडे देणारे तिच्यावर फार कमी बोलतात.

करून पाहायचं असेल तर महागडं काही लागत नाही. ‘पिस्केल’ ब्राउझरमध्ये फुकट चालतं, आणि तेही नको असेल तर मुलांची आलेखाची वही आणि तीन रंगीत पेन्सिली पुरतात. सोळा बाय सोळाची चौकट आखा, घरातलं एक माणूस निवडा, आधी नुसतं काळं काढा आणि खाली नाव न लिहिता दुसऱ्याला दाखवा. ओळखलं, तरच रंग भरायला घ्या. आणि ज्याचं चित्र आहे त्याला शेवटी दाखवा, कारण ते माणूस डोक्याच्या आकाराबद्दल हमखास भांडतं.