नंबरप्लेट वाजवणाऱ्या भाऊंना खुले पत्र

भाऊ,

रात्री साडेदहानंतर तुमची गाडी काली पुतली चौकाकडून आमच्या गल्लीत वळली की आधी आवाज येत नाही. आधी मांडणीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणतात. मग पुट्टी सुटलेली खिडकीची काच थरथरते. मग तुम्ही येता. तुम्ही गाणं कोणतं लावता, ते गल्लीत आजवर एकालाही कळलेलं नाही. शब्द नाही, चाल नाही, भिंतीतून आत येतो तो फक्त धम्म. एवढा पैसा ओतून गाणं सोडून बाकी सगळं वाजवणारे आमच्या गल्लीत तुम्ही एकटेच आहात, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगणारं कुणीतरी हवं होतं.

तुमची मूळ तक्रार मला मान्य आहे. कंपनीतून येणाऱ्या साध्या गाडीत बेस नसतो, हे खरं. दारात सहा-साडेसहा इंची स्पीकर, तोही हलक्या कागदी कोनाचा. स्टिरिओवर ४ x ५० वॅट छापलेलं असतं, पण १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून प्रत्यक्षात मिळतात वीसेक वॅट. ५० हर्ट्‌झच्या स्वराची लाट जवळपास ७ मीटर लांब असते, आणि इतका खालचा स्वर उमटवायला पुरेशी हवा हा स्पीकर आहे तसा हलवू शकत नाही. गाण्यातला ढोल पत्र्याच्या डब्यासारखा ऐकू आला तर कुणाचाही जीव कळवळेल. बैहरकडच्या करमा नाचात ज्याने मांदर ऐकला आहे, त्याला खालचा स्वर काय असतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण मांदरावर थाप पडते आणि थांबते. दोन थापांमध्ये रिकामी जागा असते, पाय त्या जागेवर पडतात. तुमच्या डिक्कीतला बारा इंची सबवूफरचा डबा थांबतच नाही. एक ठोका संपायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो आणि सगळ्याचा मिळून एकच गुरगुराट होतो. ह्याला बेस म्हणत नाहीत. वाईट डबा, चुकीचं सेटिंग आणि शेवटपर्यंत पिळलेला गेन, एवढंच आहे ते.

बेस हवाच असेल, तर गाडीच्या दाराकडे तुम्ही एकदा तरी पाहिलं आहे का? आतलं प्लास्टिक काढा. पत्र्याला हाताएवढी भोकं दिसतील आणि त्यांच्यावर पातळ प्लास्टिकचा कागद. स्पीकर पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे ओढतो, आणि ह्या भोकांमधून पुढची-मागची लाट एकमेकींना भेटून खालचा स्वर खाऊन टाकते. ती भोकं बंद करा, बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलची डॅम्पिंग शीट चिकटवा, स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावा. कंपनीच्या त्याच स्पीकरमधून आधीपेक्षा जास्त बेस निघेल, आणि दार बंद करतानाचा आवाजसुद्धा भारदस्त होईल. मग दोन्ही दारांच्या वायरींचं प्लस-मायनस तपासा. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वायरींना क्षणभर टेकवायचा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो, उलट असेल तर आत जातो. एक दार उलटं जोडलं गेलं असेल तर डावा स्पीकर उजव्याचा बेस मारत बसतो, आणि मालक दुकानात जाऊन आणखी मोठा डबा मागतो. तुमच्या बाबतीत हेच झालं असावं असा मला दाट संशय आहे.

तरीही कमी वाटलं तर सीटखाली बसणारा आठ इंची ॲक्टिव्ह सबवूफर आहे. बंद गाडीची केबिन लहान असते, त्यामुळे अगदी खालच्या स्वरांना ती आपणहून जोर देते, हा तर तुमच्या बाजूचा निसर्गनियम. त्याचा लो-पास फिल्टर ८० हर्ट्‌झच्या आसपास ठेवा. वायर थेट बॅटरीवरून घ्या, आणि बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज टाका. हे शेवटचं मी हात जोडून सांगतो, कारण वायर घासून पत्र्याला टेकली आणि फ्यूज नसला तर गाडी पेटते, आणि मागच्या सीटवर तुमची लेकरं असतात. तुमच्या डब्यावर १००० वॅट लिहिलंय. खरोखर तेवढे घ्यायचे तर १२ व्होल्टवर ८० अँपिअरच्या वर करंट लागेल. प्रत्येक ठोक्याला तुमचे हेडलाइट मिचमिचतात, ते उगाच नाही.

कायद्याचं म्हणाल तर ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६, निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला असेल, तर तिथे रात्री ४०. २०१० च्या दुरुस्तीनंतर निवासी भागात रात्री, आणीबाणी सोडून, साधा हॉर्नसुद्धा वाजवता येत नाही. आपल्या मध्य प्रदेशात १३ डिसेंबर २०२३ ला मोहन यादव मुख्यमंत्री झाले, त्याच दिवशी मर्यादेबाहेरच्या लाउडस्पीकरवर आदेश निघाला. पण आवाज मोजणारं मीटर माणसाच्या कानाच्या हिशेबाने खालचे स्वर वजा करतं. ५० हर्ट्‌झला ही सूट सुमारे ३० डेसिबलची असते. म्हणजे तुमचा ७५ डेसिबलचा धम्म मीटरवर ४५ दिसणार, आणि साहेब म्हणणार, सगळं नियमात आहे. पेले मात्र मीटर पाहून वाजत नाहीत. आमच्या शेजारच्या आजींच्या छातीलाही ती सूट मिळत नाही. बायपास होऊन आल्यापासून त्या तुमच्या गाडीच्या वेळेला उठून पलंगावर बसतात. मीटर तुम्हाला कधी पकडणार नाही म्हणूनच हे पत्र लिहावं लागतंय.

जो बेस गाडीबाहेर पडतो तो तुमच्या कानाला मिळतच नाही, भाऊ. त्याचे पैसे तुम्ही भरले आणि तो आम्हाला वाटला. आम्ही मागितला नव्हता.

आता करायचं ते इतकंच. चौकातून गल्लीत वळताना सबवूफरचा नॉब शून्यावर आणा, आजपासून. दारांचं काम येत्या रविवारी करून घ्या. शीट कापायला, क्लिपा न तोडता दाराचं पॅड काढायला मी येतो, माझ्याकडे पॅड काढायच्या पट्ट्या आहेत. आणि ते झाल्यावर डिक्कीतला डबा काढून टाका, सामानाला जागा होईल.

तुमच्याच गल्लीतला एक